सातव्या वर्षाचं सूप

सटवाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सेलूच्या जिनिंगचा भोंगा त्यानंतर दीड तासाने वाजे. तेवढ्या वेळात तो आडावरून चार घागरी पाणी आणायचा, जळण फोडून चुलीशी ठेवायचा आणि मग भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. गुडघे वाकवत हळूहळू खाली जायचं, तसंच वर यायचं. वीस वेळा. थंड पाठीवर पोतं घेणारा हमाल पाच वर्षांत मोडतो, असं त्याला त्याच्या पहिल्या मुकादमाने सांगितलं होतं. सटवाजीचं हे सतरावं वर्ष. तो मोडला नव्हता.

सरकीचं पोतं दोन मणांचं. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यापासून गोदामापर्यंत सत्तर पावलं, शेवटी चार पायऱ्या. जोर पाठीत घ्यायचा नाही, मांडीत घ्यायचा. पोतं पाठीवर बसलं की एक श्वास थांबायचं, मग पहिलं पाऊल. एकदा निघालं की वाटेत थांबायचं नाही, कारण वजन घेऊन उभं राहण्याला चालण्यापेक्षा जास्त ताकद लागते. नव्या पोरांना हे पटत नसे. ती धावायची आणि दुपारपर्यंत बसून जायची. सटवाजी सकाळी ज्या चालीने चाले, त्याच चालीने संध्याकाळी चालत असे.

दुपारी त्याची लेक भाकर घेऊन यायची. कडूबाई नाव, सगळे कडू म्हणायचे. सातवं वर्ष लागलेलं.

"बा, खाय. आन् माय म्हणली कांदा परत पाठवू नको."

हमाल तिला चिडवत. त्यांतला राधाकिशन सटवाजीचा जुना जोडीदार.

"कडे, कितीला घेतलं गं तुला?"

"पायलीभर कोंड्याला."

"आन् त्या शेजारच्या उकिर्ड्याला?"

"मूठभर. त्यो लय रडका हाय, त्याला कोण पायली दिल?"

हमाल हसत. सटवाजीही हसे, पण खाली बघून.

विकत घेतलेली लेकरं त्या गल्लीत नवी नव्हती. ज्या बाईची लेकरं जगत नसत, ती नवं लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. शेजारची भरल्या घरची एखादी बाई ते उचलायची आणि म्हणायची, मला सापडलं. मग खरी आई तिला कोंडा देऊन ते परत विकत घ्यायची. मरणाला वाटावं, हे टाकलेलं, कोंड्याच्या मोलाचं, हे कशाला न्यायचं. नावंही तशीच, दगडू, केरबा, उकिर्डा, कडू. लेकरू सातव्या वर्षात आलं की त्याने स्वतः सूपभर जोंधळे घेऊन उचलणारीकडे जायचं. संक्रांतीला, नाहीतर उशिरात उशिरा पाडव्याच्या आत. ती सूप उंबऱ्यावर पालथं घालायची आणि म्हणायची, फिटलं. तिथून पुढे तिचा त्या लेकरावर हक्क राहत नसे आणि मरणाची नजरही उतरते, असं बायका धरून चालत.

कडूची गोष्ट निराळी होती. सटवाजीच्या बायकोची, मनकर्णेची, चार लेकरं गेली. तिसरं दोन वर्षांचं होऊन गेलं, चौथं बाराव्या दिवशी. तेव्हा जिनिंगच्या आवारात हंगामाच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. त्यांत चारठाण्याकडचा व्यंकटी होता. त्याची बायको बाळंत झाली आणि आठव्या दिवशी तापाने गेली. मनकर्णेला दूध होतं, व्यंकटीकडे उपाशी लेकरू होतं. राधाकिशनने मध्ये पडून दोन्ही घरांची गाठ घातली. हंगाम संपेपर्यंत मनकर्णा झोपडीत जाऊन पाजून यायची. मग एके सकाळी व्यंकटी आपली दोन मोठी पोरं बरोबर घेऊन निघाला आणि तिसरं सुपात घालून सटवाजीच्या दारात उभा राहिला. मनकर्णेने घरात होता नव्हता तो कोंडा त्याच्या पदरात ओतला. रीतीने घेतलं तर टिकेल, असं तिला वाटलं. लेकरू टिकलं.

"तुला कोंडा देऊन घेतलं," असं मनकर्णा लेकीला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कोणाकडून घेतलं, तेवढं ती सांगत नसे. कडूने आपल्या मनाने धरलं की आपण उकिर्ड्यासारखंच, याच घरात जन्मलो आणि याच घराने परत घेतलं. सटवाजीला ते दिसत होतं. अर्धं भरलेलं पोतं शिवून दिलं तर ते पाठीवर हेलकावे खातं आणि माणसाला पाडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याने इतकी वर्षं तेच केलं.

फसली तेराशे एक्कावन्नची, म्हणजे इंग्रजी बेचाळीस सालची संक्रांत आली. लढाई कुठेतरी लांब चालली होती, इथे घासलेट महागलं होतं. आदल्या संध्याकाळी मनकर्णा तीळ निवडत बसली होती.

"माय, उद्या उकिर्डा पार्वतीबाईकडं सूप नेणार हाय. मी कोणाकडं नेऊ?"

मनकर्णेचा हात थांबला. "तू बी तिच्याकडंच."

पार्वतीबाई गल्लीच्या टोकाला राहायची. सहा लेक जिवंत, म्हणून सगळी गल्ली तिच्याकडूनच लेकरं उचलून घ्यायची. सकाळी लवकर जाऊन तिला चार शब्द सांगून ठेवू, असं मनकर्णेने ठरवलं. पण सकाळी ती गेली तेव्हा पार्वतीबाई आडावर होती, आणि ती आडावर पोहोचली तेव्हा पार्वतीबाई दुसऱ्या वाटेने घरी गेली होती. कडू उकिर्ड्याच्या मागोमाग सूप घेऊन तिच्या दारात उभी होती.

उकिर्ड्याचं सूप पालथं झालं. कडूने आपलं पुढे केलं. पार्वतीबाईने हात मागे घेतले.

"बाय, तुला मी उचललं न्हाई."

"माय म्हणली."

"म्हणली आसंल. पण न उचललेल्याला फिटलं म्हणलं तर ते उलटं लागतं. तुझ्या घरातली चार गेलीत. पाचव्याला मी हात लावायची न्हाई."

"मग मला कोणी इकलं?"

"ते तुझ्या बाला इचार. आन् उन्हात उभी ऱ्हाऊ नको."

पार्वतीबाईला दुष्टपणा करायचा नव्हता. तिला खरोखरच भीती वाटली होती. सटवाजीला हे सगळं नंतर कळलं, पार्वतीबाई आणि मनकर्णा या दोघींच्या तोंडून वेगवेगळं. त्या क्षणी तो पोतं घेऊन रेच्याकडून गोदामाकडे चालला होता. वाकलेल्या माणसाला समोरचं तोंड दिसत नाही. त्याला दोन पाय दिसले, धुळीने भरलेले, ओळखीचे.

"बा, मला कोणी इकलं?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा सटवाजी वाटेत थांबला.

"पोतं टाकून येतो. तितंच थांब."

तो गोदामात गेला, चार पायऱ्या चढला, पोतं थप्पीवर सरळ बसवलं. कोपरा वाकडा होता, तो नीट केला. मग तो परत आला. कडू सावलीला न जाता सांगितलेल्या जागी उभी होती, सूप डोक्यावर.

"चारठाण्याकडं व्यंकटी म्हणून एक माणूस हाय," सटवाजी म्हणाला. "त्याची बायको हितं वारली. तू तिची."

"म्हंजी त्यो माझा बा?"

"हां."

"आन् तू?"

मुकादमाने हाक मारली. सटवाजी म्हणाला, "घरी जा, सांजच्याला बोलू." मग तो पुढच्या पोत्याकडे वळला. सांजच्याला तो घरी आला, जेवला, लेकीशेजारी बसला. ती काही विचारेल म्हणून वाट बघितली. तिने विचारलं नाही, आणि आपणहून कुठून सुरुवात करावी हे त्याला समजेना.

दुसऱ्या दुपारी भाकर वेळेवर आली.

"जेवा," कडू म्हणाली. "कांदा ठेवलाय मायनं."

काय बदललं ते सटवाजीला घास हातात घेतल्यावर कळलं. परवापर्यंत ती 'खाय' म्हणत होती. राधाकिशनच्याही ते ध्यानात आलं. त्या दिवसापासून त्याने कोंड्याचा विषय काढला नाही. कोणीच काढला नाही, आणि ते चिडवण्यापेक्षा वाईट झालं.

घरात पोर कामाला लागली. न सांगता झाडायची, भांडी घासायची, सटवाजीच्या आधी उठून आडावर जायची. एकदा ती भरलेली घागर कंबरेवर घेऊन वाकडी होत येताना दिसली. सटवाजीने ती काढून घेतली.

"रिकामी उचलती म्हणून भरलेली उचलायची नसती. कंबर जाती."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी घागर निम्मी भरून आणली.

"मागत न्हाई वो काही," मनकर्णा त्याला म्हणाली. "वाढलं तितकं खाती, ताट धुवून पालथं घालती. मागल्या साली बांगड्यांसाठी दारात लोळली होती. आता मी म्हणलं, चल बांगड्या भरू, तर म्हणती, ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याच्या घरी ऱ्हातात तशी ऱ्हायलीय."

"लेकरू हाय. इसरंल."

"तुमी इसरलाव का तिचं 'जेवा'?"



महिना तसाच गेला. एकदा दुपारी भाकरीचं फडकं घडी करता करता कडूने विचारलं, "त्यानं कोंडा परत आणून दिला तर?"

"कोणी?"

"त्यानं. चारठाण्याच्या."

"त्यो न्हाई आणणार."

"पण आणला तर? पायलीभर कोंडा तर कोणाच्याबी घरी असतो."

सटवाजीला म्हणायचं होतं की कोणी काही आणलं तरी मी देणार नाही. पण ते त्याला पोकळ वाटलं. या पोरीने हिशेब केला होता आणि तो बिनचूक होता. इतक्या हलक्या मोलावर आलेलं तितक्याच हलक्या मोलावर परत जाऊ शकतं.

"मला सूप न्यायचंय," ती म्हणाली. "पाडव्याच्या आत. त्याच्याकडं."

मनकर्णेने ते ऐकलं आणि चुलीपुढे बसून राहिली. "तिला फेडायचंय का बापाला बघायचंय, कोणाला ठावं. बघून तितंच ऱ्हाते म्हणली तर काय करताल?"

"काय करू? पोतं हाय का ते, पाठीवर घालून आणायला?"

"मग नेऊ नका."

"न्हाई नेलं तर ती हितं हाय आसं तुला वाटतंय का?"

मनकर्णेने उठून जोंधळे निवडायला घेतले.

ऐन हंगामात दोन दिवस सुट्टी मिळणं कठीण. मुकादम म्हणाला, आधी जादा पोती उचल, मग जा. मजुरी पोत्यामागे होती. सटवाजी शिमग्यापर्यंत रोज वीस पोती जास्त उचलत राहिला. बाकीचे हमाल हातपाय धुवायला जात तेव्हा तो पुन्हा रेच्यापाशी वाके. त्याची चाल तीच होती, फक्त पायऱ्यांवर आता तो गुडघ्याला हात लावू लागला. मनकर्णेने त्या जादा पैशांची वेगळी पुरचुंडी केली. छपरावरचं गवताचं काड कुजलं होतं. पावसाच्या आत ते बदलायचं, असं दोघांचं ठरलं.

शिमगा झाला आणि ते निघाले. वाटेत काड स्वस्त मिळालं तर ठरवून येऊ म्हणून सटवाजीने ती पुरचुंडी कंबरेला खोचली. सात कोसांची वाट. मनकर्णा गल्लीच्या टोकापर्यंत आली. तिने पोरीच्या वेणीची गाठ दोनदा सोडून बांधली आणि मागे फिरली.

सूप हे डोक्यावरून वाहायचं भांडं नव्हे. एका अंगाने उघडं, जरा मान कलली की दाणे सांडायचे. सटवाजीने त्यावर फडकं आवळून बांधलं. पागोटं सोडून तिच्यासाठी चुंबळ केली. आत पाच शेर जोंधळे होते.

"आण हिकडं, मी घेतो. गावाच्या शिवेवर तुझ्याकडं देतो."

"न्हाई. ज्याचं त्यानंच न्यायचं असतंय."

"मग मान ताठ ठेव. नजर पुढं, पायाकडं बघू नको. पायाकडं बघितलं की वजन कपाळावर येतं. आन् पाऊल लांब टाकू नको."

तिने तसं केलं. कोसभर गेल्यावर तिची चाल बसली. सटवाजी रिकाम्या हातांनी मागून चालत होता. पाच शेर म्हणजे त्याला हातातल्या तांब्यासारखं. तिची मान मात्र दर झाडापाशी एक बोट खाली जात होती, आणि दर झाडापाशी ती वर करत होती. तो तीनदा म्हणाला, दे. ती तीनदा म्हणाली, न्हाई. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.

व्यंकटीची वाडी चारठाण्याच्या अलीकडे. ऊन उतरताना ते पोहोचले. व्यंकटी दारात अंबाडीचा दोर वळत बसला होता. घराची पायरी म्हणजे कुठल्या तरी जुन्या देवळाचा नक्षीचा दगड. उंबऱ्यात त्याची दुसरी बायको, कडेवर तान्हं. व्यंकटीने सटवाजीला ओळखलं. मग त्याला मागची पोर दिसली, मग तिच्या डोक्यावरचं सूप. तो दोर टाकून उभा राहिला.

"सटवाजी, हिला का आणलं? यंदा जोंधळ्यात दाणाच भरला न्हाई. हायेत त्याच तिघांना पुरंना. तुमी माझ्या पदरात कोंडा घातला होता, मी काय मागायला आलो का कधी? हितं ठेवून जाऊ नका."

सगळं एका दमात. कडू तिथेच उभी होती.

"ठेवायला न्हाई आलो," सटवाजी म्हणाला. "फेडायला आलीय ती." मग त्याने गल्लीची रीत सांगितली. सातवं वर्ष, सूप, उंबरा, काय म्हणायचं ते. व्यंकटीकडे ही रीत नव्हती. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष एकाच गोष्टीत होतं.

"म्हंजी जाताना घेऊन जाणार?"

"हां."

"मग फिटलं." त्याने पोरीच्या डोक्यावरचं सूप घाईघाईने उतरवलं, फडकं ओढलं आणि उंबऱ्यावर पालथं केलं. "फिटलं. फिटलं बरं का."

एकदा म्हणायचं असतं. तो तीनदा म्हणाला, रानातली पाखरं उडवावीत तसं. जोंधळे पायरीवरून खाली सांडले आणि त्याची बायको तान्ह्याला खाली ठेवून दाणा न् दाणा वेचायला बसली.

कडू व्यंकटीकडे बघत होती. सटवाजी तिच्याकडे बघत होता. तिला जे हवं होतं ते झालं होतं, शब्दासकट. पण तो माणूस ते म्हणायला जरा थांबला असता, एखादा श्वास, तर बरं झालं असतं. ते सटवाजीला करता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडात त्याला काही घालता येत नव्हतं.

बाईने वेचता वेचता पोरीला तांब्या दिला. "पाणी पी गं." कडू प्यायली. तेव्हा कुठे व्यंकटीने तिच्याकडे नीट पाहिलं.

"कपाळ तिच्यावानीच हाय," तो सटवाजीला म्हणाला. "नाव काय ठेवलं?"

"कडू."

"चांगलंय," व्यंकटी म्हणाला. त्याने दोर पुन्हा हातात घेतला. रहा म्हणायला त्याच्याकडे काही नव्हतं.

रात्री ते मारुतीच्या पारावर झोपले. कडूने फडक्यातली भाकर खाल्ली. सकाळी निघाल्यावर पाव कोसावर ती वाटेत खाली बसली.

"मी चालत न्हाई."

"पाठीवर घेतो. ये."

"न्हाई."

"मग कसं जायचं?"

त्याच वेळी झाडाखाली मोटार उभी दिसली, सेलूच्या बाजाराला निघालेली. माणसं, कोंबड्या, मिरच्यांची पोती भरणं चाललं होतं.

"मोटारीनं," कडू म्हणाली.

सटवाजी जन्मात मोटारीत बसला नव्हता. "मोटारीला पैसे लागतेत."

"लागू द्या."

"छपराचे हायेत ते."

"मोटारीनंच जायचं."

आणि तिने अंग टाकलं. भर रस्त्यावर धुळीत लोळली, टाचा घासल्या, घसा फुटेपर्यंत रडली. मोटारीनं, मोटारीनं, दुसरा शब्द नाही. बाजाराला निघालेली एक बाई म्हणाली, "लय लाडावून ठेवलीय बापानं." सटवाजी रिकामं सूप हातात घेऊन उभा होता. पोर मोटारीसाठी रडत नाही, हे त्याला कळत होतं. ती ज्यासाठी रडत होती त्यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं. मोटार तेवढी होती. त्याने कंबरेची पुरचुंडी सोडली.

कडूला खिडकीशी जागा मिळाली. तिने नाक पुसलं आणि बाहेर बघू लागली. त्याच्याकडे वळली नाही, टेकलीही नाही. पहिल्या चढाला मोटार दमली. ड्रायव्हर म्हणाला, गडीमाणसांनी उतरा, ढकला. काही जण कुरकुरले, पैसे देऊन वर ढकलायचं काय म्हणून. सटवाजी आधी उतरला. त्याने खांदा लावला आणि बाकीच्यांना सांगितलं, "पाठीत जोर घेऊ नका, मांडीत घ्या. एकदम." मोटार हलली. पुढे आणखी दोन चढ होते, तिथेही तसंच.

घराला त्या पावसाळ्यात जुनंच काड राहिलं आणि चुलीपाशी गळलं. शिमग्यापर्यंत रोज वीस पोती जादा उचलली त्याची मजुरी मोटारीच्या दोन जागांना गेली. एकीवर कडू सेलूपर्यंत बसून आली. दुसरी तिन्ही चढांवर रिकामीच होती.